नवी स्नोमोबाईल आणि ट्रिफीमावशी

नवी स्नोमोबाईल घेतली की पहिले काही आठवडे ती आपली नसते, गावाची असते. हे मला कुणीच आधी सांगितलं नाही. बाकी सगळं सांगितलं.

गाडी आली शेवटच्या बोटीनं, बर्फ पडायच्या खूप आधी. मी ती आवारात उभी केली, वर ताडपत्री घातली, आणि रोज संध्याकाळी नगरपरिषदेच्या कचेरीतून परतलो की ताडपत्रीचं एक टोक उचलून बघू लागलो. माझी बायको मेल्विना स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायची, "आहे, आहे! दुपारीच बघितली मी!" तिच्या आवाजात थट्टा होती, पण तिचाही दोष नाही. लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर राहून मी पन्नाशीपर्यंत दुसऱ्यांनी टाकलेल्या गाड्या चालवत आलो होतो. एक मेहुण्याची, एक पाद्रीबाबांची. पाद्रीबाबांची गाडी तर रविवारी हमखास बंद पडायची. कोरी करकरीत गाडी, जिच्या गादीवर आपल्याआधी कुणी बसलेलं नाही, ही पहिलीच.

म्हणजे मला तसं वाटत होतं. पहिल्याच सकाळी शेजारचे ओबेडकाका ताडपत्री बाजूला सारून गाडीवर बसलेले सापडले.

"गादी मऊ आहे," ते म्हणाले.

"चांगलंच की, काका."

"चांगलं कसलं? मऊ गादीवर माणूस झोपतो. झोपला की उघड्या पाण्यात जातो. सेल्बी, तू कारकून माणूस, तुला खुर्चीत झोपायची सवय."

त्यानंतर लोक येतच राहिले. कुणी म्हणालं, पहिले काही दिवस हळू चालव, इंजिन रुळू दे. कुणी म्हणालं, पहिल्याच दिवशी पिळून काढ, नाहीतर जन्मभर आळशी राहील. ही दोन्ही माणसं आपापल्या मुलांबद्दलही हेच बोलतात, आणि दोघांचीही मुलं घरीच बसून आहेत. रंगावरही चर्चा झाली. मी पिकलेल्या लाल बोरांचा रंग घेतला होता. तो बर्फात लांबून दिसतो म्हणून चांगला, असं एका बाजूचं मत. दुसऱ्या बाजूचं मत, सेल्बीला लांबून ओळखण्याची गावाला काय गरज?

मग नोंदणीचं प्रकरण. राजधानीत, सेंट जॉन्सच्या कचेरीत मी फोन केला. बाई गोड होत्या. गाडी तुमच्याकडे कशी आली, असं त्यांनी विचारलं आणि मी प्रामाणिकपणे सांगितलं, बोटीनं. पुढे काय घडलं ते त्या बाईंनाच ठाऊक, पण टपालानं जे कागद आले त्यांत माझी गाडी नौका म्हणून नोंदवलेली होती. तिच्यावर बुडणाऱ्या माणसाकडे फेकायचं कडं, शिट्टी आणि पाणी उपसायची बादली कायम ठेवणं बंधनकारक होतं.

मी पुन्हा फोन केला.

"नौकेची नोंद रद्द करायची असेल तर ती बुडाल्याचा पुरावा लागेल," बाई म्हणाल्या.

"ती बुडाली नाही."

"मग विकली का?"

"नाही हो. ती मुळात नव्हतीच."

"नसलेली नौका आम्हाला रद्द करता येत नाही, साहेब. आधी ती असायला हवी."

मला राग यायला हवा होता, पण मी स्वतः कचेरीतला माणूस. कचेरीत चूक होत नसते, नोंद होत असते, हे मीच वर्षानुवर्षं लोकांना खिडकीतून समजावत आलोय. आता खिडकीच्या दुसऱ्या बाजूनं ते ऐकताना फारच निराळं वाटलं. शेवटी कुण्या दयाळू साहेबानं नौकेची गाडी करून दिली. तोवर खाडी गोठून पांढरी झाली होती, सगळं गाव आपापल्या गाड्यांवरून भुर्र करत जात होतं, आणि ओबेडकाका येता-जाता मला विचारत होते, "काय कप्तान, भरतीची वाट बघताय?"

पहिली फेरी कशी करायची याचं चित्र माझ्या मनात तयार होतं. सपाट खाडी, स्वच्छ ऊन, मागे उडणारा बर्फाचा पिसारा, किनाऱ्यावर थोडेसेच पण योग्य लोक. आणि गाडीवर मी एकटा.

तेवढ्यात हेअर आर्म या गावाहून निरोप आला. तिथं माझ्या सासूबाईंची थोरली बहीण राहते, ड्रुसिला. तिला डोळ्यांनी आता जवळजवळ दिसत नाही. माणूस दारात उभा राहिला तर कडेकडेनं थोडं कळतं, चेहरा कळत नाही. तिच्या लेकीनं ठरवलं की म्हातारीनं एकटं राहणं पुरे झालं. गूस बे इथल्या वृद्धांच्या घरात खोली मिळाली होती आणि शनिवारच्या विमानानं ती जाणार होती.

माझ्या सासूबाईंना सगळं गाव ट्रिफीमावशी म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. निरोप आला तेव्हा त्या पावाचं पीठ मळत होत्या, ते मळून पूर्ण केलं, हात धुतले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सेल्बी, ती तुझी लाल गाडी चालते का नुसती दिसते?"

मेल्विनाला शाळेत शिकवायला जायचं होतं. म्हणून शुक्रवारी सकाळी मी आणि सासूबाई. माझ्या पहिल्या फेरीच्या चित्रात हा एवढाच बदल झाला.

"मावशी, माझ्या मागे गादीवर बसा. मुठी गरम होतात, पाठीला टेकू आहे."

"तुझ्या कमरेला मिठी मारून जायला मी काय नाचायला चाललेय? मी कोमॅटिकमध्येच बसणार."

कोमॅटिक म्हणजे गाडीमागे बांधायची लांब लाकडी घसरगाडी. आमच्या कोमॅटिकवर माणसाला बसता येईल अशी पेटी आहे. त्या पेटीत मावशी रजया अंथरून बसल्या, पायांशी किटली आणि शिदोरीचा डबा. निरोपाला अर्धं गाव जमलं. कोमॅटिकचा दांडा गाडीला एका खिळीनं अडकवतात आणि ती निसटू नये म्हणून तिला खालून छोटी कडी लावतात. ती कडी मी लावली. ओबेडकाकांनी ती काढून, नीट कशी लावतात ते सगळ्यांना दाखवलं. मग आणखी एकानं काकांची पद्धत जुनी झाली म्हणून पुन्हा काढली. शेवटी ती कडी कुणाच्या हातात राहिली यावर आमच्या गावात आजही दोन तट आहेत.

निघालो.

आता गाडीबद्दल सांगतो, कारण तो माझा हक्क आहे. चावी फिरवली की ती खोकत नाही, खाकरत नाही, एकदम सुरू होते. पाद्रीबाबांच्या गाडीला प्रार्थना लागायची. मुठी खरोखरच गरम होतात. इतक्या की थोडा वेळ मला अपराधी वाटलं. खाडीच्या काठाला भरती-ओहोटीनं बर्फ फुटून उंचवटे झालेले असतात. तिथं जुनी गाडी कण्हायची, ही टुणकन चढली आणि टुणकन उतरली. मागे काहीतरी खडखडल्यासारखं वाटलं. मी हेल्मेटमधूनच मान किंचित तिरकी करून ओरडलो, "मावशी, ठीक ना?"

उत्तर आलं नाही. याचा अर्थ ठीक, असं मी धरलं. माझ्या लग्नापासून मावशींनी माझं बोलणं न खोडता सोडून दिल्याचं मला आठवत नव्हतं. नव्या गाडीनं त्यांच्यावर छाप पाडलेली दिसते, असं माझ्या मनात आलं.

आणि उंचवटे ओलांडल्यावर तर गाडी अशी काही पळू लागली, की काय सांगू! मागे ओझं आहे असं जाणवेचना. पिसासारखी हलकी. वळणावर मागची ओढ नाही, चढावर दम लागणं नाही. याला म्हणतात ताकद, मी स्वतःशी म्हणालो. मधूनमधून मी मावशींना काय काय सांगतही होतो. हे इंजिन असं, या गरम मुठी अशा, गावातली माणसं कशी जळतात. एकदा तर मी त्यांना सांगितलं की, मावशी, तुमचं-माझं कधी फारसं पटलं नाही, पण मला तुमच्याबद्दल आदर आहे. यावरही त्या काही बोलल्या नाहीत. मला भरून आलं.

अर्ध्या वाटेवर जंगलात एक लाकडी झोपडी आहे, वाटसरूंनी अंग शेकावं म्हणून. तिथं मी ऐटीत गाडी थांबवली, हेल्मेट काढलं, केसांवरून हात फिरवला आणि वळून म्हणालो, "काय मग मावशी, कशी वाटली गाडी?"

मागे वाट होती. वाटेवर माझ्या गाडीचाच एक माग होता. बाकी झाडं.

पुढच्या क्षणांबद्दल मी गावात निरनिराळ्या वेळी निरनिराळं सांगितलंय. खरं असं की मी आधी गाडीभोवती एक चक्कर मारली. एवढी मोठी पेटी आणि तीत बसलेली सासू गाडीच्या मागे कुठंतरी लपली असेल, असं मला वाटलं असावं. मग लक्षात आलं, ती मागे कुठंतरी सुटली होती. वारा वाढला होता, उघड्या खाडीवर बर्फाची धूळ उडायला लागली होती. अशा वाऱ्यात माग तासाभरात पुसला जातो. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पेटीत, खाडीच्या मधोमध. आणि मेल्विनाला मी काय सांगणार होतो? हलकी वाटली म्हणून?

परतीची ती दौड मला आठवत नाही. गाडी कशी चालते, मुठी गरम आहेत की गार, काही म्हणजे काही कळलं नाही. फक्त मी मोठमोठ्यानं "मावशी! मावशी!" ओरडत होतो, आणि हेल्मेटमुळे ते सगळं माझ्याच कानात परत येत होतं.

काठाजवळच्या टेकाडाआड धूर दिसला.

मावशींनी कोमॅटिकची पेटी वाऱ्याला आडवी फिरवून घेतली होती. कशी, ते देव जाणे. तिच्या आडोशाला वाळक्या फांद्यांचा जाळ, त्यावर किटली. मी गाडीवरून अक्षरशः पडलो आणि धावत गेलो, तर त्या चहाचे दोन कप भरत होत्या.

"मावशी! तुम्ही... तुम्हाला..."

"तू त्या भूशिरापलीकडे होतास तेव्हाच आवाज आला. म्हटलं, दुसरा कप काढावा. बस."

"मावशी, मला माफ करा. मला खरंच कळलं नाही. मी विचारलं होतं तुम्हाला, ठीक ना म्हणून..."

"मीही ओरडले. 'थांब रे गाढवा' म्हणाले. तू हात वर करून दाखवलास."

मला आठवलं. ऐट म्हणून मी हात वर केला होता.

"तरुणपणी कुत्र्यांची गाडी चालवायचे मी," मावशी म्हणाल्या. "मी आणि ड्रुसिला. कुत्री पण वेड्यासारखी पळायची. पण मधूनमधून मागं बघायची रे."

 मी चहा प्यायलो. त्यांनी पाव कापला, त्यावर बोरांचा मुरांबा लावला, माझ्या हातात दिला. घास घेताना मुरांबा माझ्या गुडघ्यावर सांडला. त्यांनी तो बोटानं उचलला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

"घाबरलात का हो?" मी विचारलं.

"थोडी. आधी." त्या जाळाकडे बघत राहिल्या. "मग म्हटलं, येईल. नाही आला तर मेल्विना पाठवेल कुणाला तरी. आणि खरं सांगू का? बरं वाटलं. घरी तुम्ही सगळे सारखे बोलत असता. ड्रुसिलाला काय सांगायचं ते मला ठरवायचं होतं. परवापासून ठरवतेय. म्हटलं, आता इथं निवांत ठरेल."

"ठरलं?"

"नाही."

जाळावर बर्फ लोटून आम्ही निघालो. खिळीला मी माझ्या बुटाची नाडी बांधली, वर तीन गाठी मारल्या. मावशी मुकाट्यानं गादीवर माझ्यामागे बसल्या आणि त्यांनी माझी कंबर धरली. एवढी घट्ट, की त्यांना थोडीच भीती वाटली होती हे मला पटेना.

हेअर आर्मला पोचायला दुपार टळली. ड्रुसिलामावशी दारातच उभ्या होत्या, आवाजाच्या दिशेला तोंड करून.

"एवढा उशीर? सकाळी निघालात ना?"

मी मान खाली घातली. आता सगळं बाहेर पडणार, संध्याकाळपर्यंत हेअर आर्म आणि उद्या दुपारपर्यंत उरलेला किनारा.

"सेल्बी फार हळू चालवतो गं," ट्रिफीमावशी म्हणाल्या. "नवी गाडी ना. जिवाला जपतो."

माझी अब्रू वाचली होती, फक्त ती वाचवताना थोडी गेली होती.

संध्याकाळभर त्या दोघी बोलत होत्या. मी कोपऱ्यात बसून मीठ लावलेला मासा आणि बटाटे खात होतो आणि वाट बघत होतो, की आता निरोपाचं काहीतरी बोलतील. पण भांडण चाललं होतं ते आईच्या पिठाच्या चाळणीवरून. ती ट्रिफीनं लग्नात नेली की ड्रुसिलानं आधीच लपवली होती? मग कोणाच्या कुत्र्यानं कोणाचा मासा खाल्ला. मग पुन्हा चाळण. मला झोप लागली तेव्हा चाळण जिंकत होती.

सकाळी आकाश निवळलं. धावपट्टीपाशी विमान उभं होतं, छोटंसं. ड्रुसिलामावशींचं सगळं सामान एका पेटीत आणि एका उशीच्या अभ्र्यात मावलं होतं. वैमानिकानं ते आत ठेवलं, गावातले पाचसहा लोक मागे उभे राहिले.

ड्रुसिलामावशींनी हात पुढे करून चाचपलं. हाताला माझ्या गाडीची मूठ लागली.

"ही नवी का?"

"हो मावशी. लाल आहे," मी म्हणालो.

"लाल काय करायचंय मला? बाजूला हो."

"मावशी, अहो, तुम्हाला..."

"हा वेग, हा ब्रेक. माझ्या नवऱ्याच्या चार गाड्या मी चालवल्यात, त्यातल्या दोन त्याला न सांगता. ट्रिफी, बस मागे. तू डोळे."

मी ट्रिफीमावशींकडे बघितलं. वाटलं, त्या तरी शहाणपणानं नाही म्हणतील. पण त्या एव्हाना गादीवर होत्या. मी वाकून बुटाची नाडी सोडली, कोमॅटिक अलग केली आणि माझी गाडी, जिच्यावर माझ्याआधी कुणी बसलेलं नाही असं मला वाटत होतं, ती धावपट्टीच्या कडेच्या मोकळ्या बर्फावरून दोन म्हाताऱ्यांना घेऊन सुटली.

"डावीकडे! अगं डावीकडे! तुझ्या डावीकडे!" ट्रिफीमावशींचा आवाज लांब लांब जात होता. "आता सरळ! सरळ म्हणजे सरळ!" आणि मधेच कुणाचं तरी हसू, पोरींसारखं. मी काही अंतर धावलो मागे. उगाच. बर्फात मांडीपर्यंत रुतलो, तेव्हा थांबलो.

पट्टीच्या अगदी टोकाला, जिथं पुढे खाडी सुरू होते, तिथं त्या थांबल्या. इंजिन बंद झालं. इतक्या लांबून लाल ठिपका आणि त्यावर दोन काळ्या पाठी एवढंच दिसत होतं. एक पुढे, एक मागे. मागच्या पाठीनं पुढच्या पाठीवर डोकं टेकलेलं होतं की वाऱ्यानं तसं वाटत होतं, मला सांगता येणार नाही.

वैमानिकानं आकाशाकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. मग खिशातून रुमाल काढून विमानाची स्वच्छ असलेली काच पुसू लागला. कुणी हाक मारली नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग इंजिनाचा आवाज आला आणि "उजवीकडे! उजवीकडे!" करत त्या परत आल्या, माझ्यापासून हातभर अंतरावर थांबल्या. ड्रुसिलामावशी उतरल्या, टोपी सारखी केली.

"गाडी चांगली आहे," त्या म्हणाल्या. "ब्रेक जरा कडक."

मग बहिणीचा चेहरा त्यांनी दोन्ही हातांनी चाचपला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, बाजारात काही निवडून घ्यावं तसा, आणि विमानाची शिडी चढून गेल्या.

विमान दिसेनासं झाल्यावरही ट्रिफीमावशी गाडीवरून उतरल्या नाहीत. त्या सरकून पुढे बसल्या होत्या. मी बाजूला उभा, हातात हेल्मेट.

"कोमॅटिक जोड," त्या म्हणाल्या. "आणि पेटीत बस."

मी बसलो. रजया पायांवर घेतल्या, किटली मांडीत धरली. अशा रीतीनं मी हेअर आर्ममधून बाहेर पडलो. सगळे लोक खिडक्यांशी आले होते. एक-दोघांनी मला हातही केला.

मावशी हळू चालवत होत्या. हेल्मेटमधला चेहरा मागून दिसत नाही, पण पाठ दिसते. वाट सपाट होती, बर्फ नुकताच दबलेला, गाडी तर पाण्यावरून जावी तशी चालली होती. तरी मावशींचे खांदे सारखे हलत होते. झोपडीपर्यंतची सबंध वाट हलत होते. मी पेटीत बसून ते बघत होतो आणि मला हाक मारता येत नव्हती, कारण काय म्हणून मारणार?

झोपडीपाशी त्या उतरल्या. बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या राहून त्यांनी हेल्मेटची काच आतून पुसली. मग म्हणाल्या, "आता तू चालव. माझे हात दुखले."

घरी पोचलो तेव्हा मेल्विना दारात होती आणि ओबेडकाका कुंपणाशी. मावशी सरळ आत गेल्या. मेल्विनानं आईच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

काका कुंपणावरून वाकले. "काय कप्तान, कशी आहे मग गाडी?"

"उत्तम आहे," मी म्हणालो. "फक्त धक्के फार बसतात."